पोस्टातल्या काकांना, तीन नंबरच्या खोलीतून

काका, नमस्कार. तुम्ही मोबाईल फक्त फोन उचलण्यापुरता वापरता हे माहितीये, तेव्हा हे वहिनींकडून वाचून घ्या. समोर बसून तुमचे आभार मानले असते तर तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय बदलला असतात, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

बाकीच्यांसाठी सांगते. अलिबागच्या पुढे आक्षीला, सुरूच्या बनाला लागून, आमच्या आजोबांचं सहा खोल्यांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे काय तर खाली खानावळ, वर लॉजिंग, आजी चुलीपाशी आणि आत्या ताटं वाढायला. आता ते आमचं घर आहे, सुट्टीत आम्हीच जाऊन राहतो, पण अजून बोलतो असं की "चादरी तीन नंबरमध्ये आहेत". ३ जून २०२० ला निसर्ग वादळात कौलं उडाली आणि माळ्यावरची ट्रंक भिजली, आत रजिस्टर आणि पोस्टकार्डांचे गठ्ठे, सगळ्याचा लगदा व्हायच्या बेतात. ते मी ठाण्याला आणलं आणि ऊन पडल्यावर नौपाड्यात बिल्डिंगच्या गच्चीवर वाळत घातलं. आमच्याच बिल्डिंगमधले हे काका टाकीतलं पाणी बघायला वर आले ते तिथेच मांडी घालून बसले. सगळी नोकरी पोस्टात गेलेली, शिक्के दिसल्यावर उठतायत कुठले.

आमच्या घरात पाठ असलेली गोष्ट अशी की १७ जुलै १९४७ ला मुंबईहून अलिबागजवळच्या रेवस बंदराला जाणारी रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, तेव्हा वाचलेल्यांना आजोबांनी घरात ठेवलं आणि तिथून हॉटेल सुरू झालं. मी तर गेटसाठी "स्थापना १९४७" अशी पाटी करायलाही टाकली होती. रजिस्टरमध्ये तारखा आहेत, महिने आहेत, पण साल लिहायचं आजोबांना कधी सुचलंच नाही. (आमच्या आक्षीत मराठीतला सगळ्यात जुना मानतात तो शिलालेख आहे, शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२. त्या दगडावर साल आहे आणि आमच्या हॉटेलला नाही!)

काकांनी काय केलं, तर आधी पैसे बघितले. पहिली चौदा पानं रुपये-आणे, मग एका पानावर आणे खोडून बाजूला "न.पै.". म्हणाले, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, हे पान त्याच्या आसपासचं. मग सगळ्यात जुन्या पोस्टकार्डाचा शिक्का भिंगातून वाचला, १९५५. मग बिलबुक घेतलं, त्यावर छापील "जि. कुलाबा" आणि कुलाबा खोडून पेनाने रायगड, म्हणजे ही बिलं १९८१ नंतर फाडलेली, आजोबांनी जिल्ह्याचं नाव बदललं तरी नवीन बिलबुक काही छापलं नाही. पत्त्यात पिनकोड असेल तर कार्ड १९७२ नंतरचं, हे पण मला तेव्हाच कळलं. आठवडाभर रोज संध्याकाळी हेच चाललं होतं आमचं.

आणि ती कार्डं! "भाऊच्या धक्क्यावरून सकाळची लाँच घेतो, रेवसला एसटी मिळेल ना?" "समुद्राकडची खोली, पाच दिवस, आई सोवळ्यातली आहे, तिचं वेगळं होईल का?" खाली आजीच्या अक्षरात एकच शब्द, "होईल". पुढे थळला आरसीएफचा खताचा कारखाना उभा राहत होता तेव्हा कामावरची माणसं महिनोन् महिने राहिलेली, एकाच्या नावापुढे तर आजीने "भात जास्त" असं लिहून ठेवलंय.

१९४७ चं विचारलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, "माणसं ठेवली असतील, मी नाही म्हणत नाही, पण हॉटेल ह्या कागदात नाही." आत्या आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. पाटी मी कॅन्सल केली.

पण खरे आभार अण्णांसाठी मानायचेत. थोरले चुलते, घरात सगळे म्हणायचे अण्णांनी आळसात हॉटेल बुडवलं, मीही म्हटलंय, त्यांच्या तोंडावर नाही पण म्हटलंय. ट्रंकेच्या तळाशी चिकटलेली पाकिटं काकांनी वाफेवर धरून एकेक सोडवली, त्यात अण्णांचे अर्ज निघाले. गिऱ्हाईक खोलीतच संडास-बाथरूम मागायला लागलं होतं, आमचा सगळ्यांचा मिळून एक, तोही मागच्या अंगणात. अण्णांना मागे बांधकाम वाढवायचं होतं आणि तेवढ्यात १९९१ चा सीआरझेडचा, म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामाचा, नियम आला, आमच्यासारख्या गावात भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवीन बांधकाम नाही, आहे त्याची डागडुजी तेवढी करा. तीन अर्ज केले होते त्यांनी. घरात कोणाला सांगितलं नाही. रजिस्टरच्या शेवटच्या पानावर त्यांचंच अक्षर, "खोल्या बंद. आईला एक नंबर दिली, तिला समुद्र दिसतो."

ते काकांनी मोठ्याने वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसले. मी खाली जाऊन आत्याला फोन केला.

आता आपली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, तुम्ही खारघरला. पैशाचं नाव काढलं तर रागावलात, भिंग दिलं ते परत केलंत, मागितलीत ती फक्त पांढऱ्या कांद्याची माळ. यंदाचा कांदा निघालाय, दोन माळा बांधून तीन नंबरमध्येच टांगून ठेवल्यात. रविवारी येते. तुमच्या सोसायटीचं गेट हायवेकडून की आतल्या रस्त्याने, ते वहिनींना कळवायला सांगा.