दूध थंड होतं, ऊब वाऱ्यावर जाते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

खानापूर, चिकोडी, निपाणी भागातल्या दूध संस्थांत बल्क कूलर (गोळा झालेलं दूध थंड करणारी मोठी टाकी) दुधातली उष्णता काढून पंख्यानं बाहेर फेकतो, आणि पलीकडे टाकी-किटल्या धुवायला हीटरवर, नाहीतर चुलीवर, पाणी तापत असतं. ही उधळपट्टी थांबवता येते.

हिशोब पाहा. १००० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायला विजेच्याच मापात सुमारे ३५ युनिट उष्णता काढावी लागते. कॉम्प्रेसर त्यासाठी १२-१३ युनिट वीज खातो, तीही शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे ४७-४८ युनिट ऊब कंडेन्सरवाटे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवाटे) रोज वाऱ्यावर. धुण्याचं ३०० लिटर पाणी २५ वरून ५० अंशांवर न्यायला त्यातली जेमतेम ९ युनिट पुरतात. महिन्याला २७० युनिटांची बचत. पुढचे दहा-पंधरा अंश हीटरनं चढवावेत.

त्यासाठी कॉम्प्रेसर आणि कंडेन्सरच्या मधल्या गरम लाइनवर दुहेरी भिंतीचा हीट एक्स्चेंजर (गरम गॅसची ऊब पाण्याला देणारं यंत्र), छोटा पंप, थर्मोस्टॅट आणि ५० मिमी पफ (ऊब धरून ठेवणारा फोम) लावलेली टाकी लागते. भिंत दुहेरीच हवी, नाहीतर एखादं भोक पडलं की कूलिंगचा गॅस आणि कॉम्प्रेसरचं तेल धुण्याच्या पाण्यात उतरतं. एक्स्चेंजर कंडेन्सरपेक्षा उंच बसवावा. खाली बसवला तर द्रव झालेला गॅस आणि तेल त्यात साचतं, कूलिंग मंदावतं, मग कोणीतरी ‘गॅस कमी झालाय’ म्हणून वरून गॅस भरतो. उन्हाळ्यात त्याच जादा गॅसनं प्रेशर चढून कॉम्प्रेसर ट्रिप होतो. आपल्याकडे पौष-माघात याच्या उलट होतं: गार पाणी आणि गार हवा दोन्हीकडून प्रेशर उतरतं, एक्स्पान्शन व्हॉल्व्हला (कूलिंगसाठी गॅसचा दाब उतरवणाऱ्या झडपेला) पुरेसा द्रव मिळत नाही. म्हणून कंडेन्सरचा पंखा प्रेशर स्विचवर घ्यावा. पंपाचा थर्मोस्टॅट गरम पाइपला बांधावा, म्हणजे कॉम्प्रेसर बंद असताना टाकीतली ऊब उलटी जाणार नाही. बोअरच्या पाण्याचा क्षार वर्षातून एकदा सायट्रिक ॲसिडनं काढावा.

गरम पाणी मिळालं म्हणून पहिलं खंगाळणं त्यानं करू नये. कढत पाण्यानं दुधातलं प्रथिन पत्र्याला घट्ट चिकटतं. आधी कोमट पाणी, मग गरम पाण्यात सोडा.

गॅसचाही विचार आताच व्हावा. बऱ्याच कूलरांत आर-४०४ए हा गॅस असतो. तो एक किलो गळला तर सुमारे ३९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो. असे गॅस कमी करण्याचा जागतिक किगाली करार भारतानं २०२१ मध्ये स्वीकारला. त्यानुसार अशा गॅसांचा वापर २०२८ पासून गोठेल आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्यानं घटेल. कूलर मात्र पंधरा वर्षं चालवायचा असतो. पर्यायी गॅस प्रोपेन, त्याची तापमानवाढ नगण्य आहे, पण तो पेट घेतो. त्यामुळे जुन्या मशीनमध्ये तो कधीही भरू नये, तिथल्या रिलेची एक ठिणगी पुरते. त्याच गॅससाठी बनवलेलं मशीन, उघड्या हवेत आणि शिकलेल्या हातानं बसवलेलं, एवढंच चालेल.

नवा कूलर घेणाऱ्या संस्थांना विनंती आहे: गॅसचं नाव, त्याचं वजन आणि रोज ५० अंशांचं किती लिटर पाणी मिळेल, हे आकडे कोटेशनमध्येच लिहून घ्यावेत.

— एक रेफ्रिजरेशन मेकॅनिक, खानापूर (जि. बेळगाव)