काचेवर शून्य दाखवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, तुमचं नाव इथे लिहीत नाही, वाचलंत तर तुम्हाला कळेलच. आयसीयूबाहेर बाकावर रात्रभर बसलेली आणि तासातासाला उठून दाराच्या काचेशी येणारी ती मीच. आईला घरी आणून सव्वा महिना झाला, पण लिहायला बसलं की डोळे भरून यायचे म्हणून राहून गेलं.

तुमच्याकडे यायच्या आधी तीन दिवस आम्ही दुसरीकडे फेऱ्या मारत होतो. लघवीला जळजळ, हुडहुडी भरून ताप, मग आई काहीच्या बाही बोलायला लागली तर म्हणे वय झालंय, तापात बरळतात. लघवी होतच नाहीये सांगितलं तर म्हणे पाणी पाजा, आणि अंगदुखीवर पेनकिलरचं इंजेक्शन ठोकून घरी पाठवलं. किडनी अडचणीत असताना अशी पेनकिलर तिला अजून त्रास देऊ शकते हे मला नंतर समजलं. तीन दिवसांत एकदाही कुणी बीपी बघितलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुमच्याकडे आल्याआल्या ब्लड कल्चर, तासाभरात अँटिबायोटिक, सलाईन, सगळी पळापळ, त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी तुम्हाला अडवून विचारलं, इन्फेक्शनच होतं ना, मग किडनी कशी बंद पडली, जंतूंनी खाल्ली का? तुम्ही हातातलं काम संपवून मुद्दाम परत आलात आणि सांगितलंत की जंतूंशी लढताना शरीराचाच तोल सुटतो, ते सेप्सिस. सूज आणणारी रसायनं रक्तात सुटतात, किडनीतून गाळली जातात आणि तिथल्या बारीक नळ्यांच्या पेशींना इजा करतात, अगदी बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त नीट खेळत नाही, म्हणजे किडनीपर्यंत रक्त पोचत असलं तरी आत सगळीकडे सारखं मिळत नाही. मग त्या पेशी जीव वाचवायला काम थांबवतात. "बऱ्याचशा मेलेल्या नसतात ताई, गप्प झालेल्या असतात." या एका वाक्यावर मी डायलिसिसचे दिवस काढले.

पण माझ्या मनात राहिलाय तो तुमचा कागद. आईचं वजन 60 किलो, म्हणजे तासाला निदान 30 एमएल लघवी हवी, हे तुम्हीच सांगितलेलं, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, मागाहून वाढतं, लघवी आधी सांगते हेही. रात्री आत सोडत नव्हते, तर तुम्ही दर तासाचा आकडा मार्करने मोठा लिहून काचेला आतून लावायचात. पहिल्या रात्री 8. मग 5. मग 0, परत 0. तो शून्यही तुम्ही लावलात, माझ्याकडे बघत, मी मान हलवेपर्यंत कागद काढला नाहीत. तोवर जो तो मला "होईल सगळं ठीक" म्हणून वाटेला लावत होता. तुम्ही पहिल्या, ज्यांना वाटलं की हिला खरं कळलं पाहिजे आणि ते कळताना हिच्यासमोर कुणीतरी उभं पाहिजे. एवढं साधं माणूसपण ज्याच्याकडे असतं त्याच्या हातात आपलं माणूस सोपवून बाहेर बसता येतं, खरंच सांगते.

सहाव्या रात्री 12, मग 20, आणि पहाटे 35, त्याच्याखाली तुम्ही दोन रेघा मारल्या होत्या. मी तिथेच खाली बसले.

हात न धुता आत निघालेल्या मामांना तुम्ही थांबवलंत तेव्हा ते चिडले होते, त्यांच्या वतीने माफी. पहिल्या भडक्यानंतर प्रतिकारशक्ती उलट थकते, लिम्फोसाइट, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मोठ्या संख्येने मरतात, मग एरवी किरकोळ वाटणारे जंतूही गाठतात, हे तुम्ही त्यांना शांतपणे समजावलंत, आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला तेच आधी बेसिनकडे पाठवतात.

काल आईचं क्रिएटिनिन 1.2 आलं. मार्करने मोठ्ठं लिहून ठेवलंय, पुढच्या फॉलोअपला येईन तेव्हा त्याच काचेला बाहेरून लावणार आहे, तुम्ही बघेपर्यंत काढणार नाही.