बुंध्याला फुटलेला धुमारा

प्रिय बाळा,

सप्रेम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, सिंह कळतो, मेंढपाळ कळतो, कोकरासुद्धा कळतो. पण मशीहाला धुमारा कशाला म्हणायचं?" मी घाईत "अरे, अंकुर म्हणजे आशा" असं काहीतरी बोलून मोकळी झाले. फोन ठेवला आणि माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. शुभेच्छापत्रावर छापायचं उत्तर होतं ते. रविवारी चर्चमध्ये बायबलमधल्या यशयाचा अकरावा अध्याय तुला वाचायचा आहे, म्हणून त्याआधी हे लिहिते. त्याचं पहिलंच वचन म्हणतं, इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल. हा धुमारा म्हणजे मशीहा, दाविदाच्या वंशात येणारा तारणारा राजा.

आधी एक घोळ मिटवते. पुस्तक यशयाचं, बुंधा इशायाचा. कितीतरी वर्षं मी दोघांना एकच समजत होते, आणि वाचणाऱ्याची जीभ इथे हमखास अडखळते. यशया हा इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातला यरुशलेमचा संदेष्टा. इशाय त्याच्या सुमारे तीनशे वर्षं आधीचा, बेथलेहेमचा, दावीद राजाचा बाप.

आता गंमत बघ. राजवंशाबद्दल बोलायचं तर 'दाविदाचा बुंधा' म्हणायला हवं होतं. यशया तसं म्हणत नाही. दावीद म्हटलं की सिंहासन आलं. इशाय म्हटलं की आठ मुलगे, मेंढरं आणि एक लहानसं गाव. म्हणजे झाड इतकं खालून तुटणार की राजा उरणारच नाही, राजाच्या आधीचा बाप तेवढा उरेल. त्या वेळी दाविदाच्या गादीवर राजा बसलेला होता, हे लक्षात घे. झाड उभं असताना हा माणूस बुंध्याबद्दल बोलतोय. दरबारात कुणाला आवडलं असेल!

आणि अकरावा अध्याय एकटा वाचू नकोस. अध्यायांचे आकडे यशयाने घातलेले नाहीत, ते तेराव्या शतकात पडले, आणि इथे नेमके नको तिथे पडले आहेत. दहाव्याची शेवटची दोन वचनं कुऱ्हाडीची आहेत. परमेश्वर फांद्या छाटतोय, उंच झाडं आडवी होताहेत, लबानोन कोसळतोय. ही अश्शूरची सत्ता, लबानोनच्या गंधसरूंसारखी ताठ. त्यावर लगेच धुमारा येतो. गंधसरू खालून तोडला तर सहसा पुन्हा फुटत नाही. जैतुनाचा बुंधा फुटतो. बलाढ्य साम्राज्य तुटतं ते कायमचं, आणि आधीच तुटलेलं लहानसं घराणं पालवतं, अशी ती जोडणी आहे. मधे अध्यायाचा आकडा आला की ती दिसत नाही.

पुढे शंभराहून जास्त वर्षांनी यिर्मया या संदेष्ट्याने हीच प्रतिमा उचलली. त्याच्या काळी दाविदाच्या वंशातला, यहूदा राज्याचा शेवटचा राजा होता सिद्कीया. मूळ नाव मत्तन्या. हे नवं नाव बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने त्याला गादीवर बसवताना ठेवलेलं. सिद्कीया म्हणजे 'परमेश्वर माझी नीतिमत्ता'. यिर्मया 23 मध्ये म्हणतो, दाविदासाठी नीतिमान अंकुर उगवेल आणि त्याचं नाव असेल 'परमेश्वर आमची नीतिमत्ता'. नाव जवळजवळ तेच, माणूस वेगळा. राजाला याहून बोचरा टोमणा कुणी मारला नसेल. इ.स.पू. 586 मध्ये यरुशलेम पडलं, सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली, मग त्याचे डोळे काढले. बुंधा उरला तो असा. बाळा, ही माणसं अंकुर म्हणत होती तेव्हा बागेत बसून म्हणत नव्हती.

लोक बाबेलच्या हद्दपारीहून परतल्यावर जखऱ्या या संदेष्ट्याने तर अंकुर हे येणाऱ्या मशीहाचं नावच करून टाकलं. इब्री शब्द 'सेमाख'. यहुदी लोक आजही रोजच्या प्रार्थनेत दाविदाचा हा अंकुर उगवू दे असं मागतात. त्यांच्या लेखी तो अजून यायचा आहे. आपण ख्रिस्ती म्हणतो, तो येशूच्या रूपाने आला. हा फरक लहान नाही, पण शब्द त्यांच्याकडून आपल्याला मिळाला आहे, हे विसरू नये.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट. या इब्री ग्रंथांचं ग्रीकमध्ये भाषांतर झालं तेव्हा 'सेमाख'साठी त्यांनी 'अनातोले' शब्द घातला. त्याचा अर्थ उगवणं. कोंबाचं उगवणं आणि सूर्याचंही! लूकच्या पहिल्या अध्यायात दुसरा जखऱ्या, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप, आपल्या तान्ह्या मुलाकडे बघून म्हणतो की वरून आपल्याकडे उदयप्रकाश येईल. तिथे शब्द 'अनातोले'च आहे. भाषांतरात अंकुर आणि उदय वेगळे पडतात, पण आपली मराठी यात भाग्यवान. आपल्याकडे बीही उगवतं आणि दिवसही उगवतो. मातीतून वर येणारा तो आणि वरून खाली उजळणारा तोच, हे आपल्याला एका क्रियापदात मिळतं.

येशूच्या गावाचं, नासरेथचंही थोडं सांगते. यशयाने अकराव्यात वापरलेला एक शब्द 'नेसेर', म्हणजे फूट, कोवळी शाखा. मत्तय म्हणतो की येशूला 'नासोरी', म्हणजे नासरेथकर, म्हणतील असं संदेष्ट्यांनी सांगितलं होतं, आणि तसं वाक्य जुन्या करारात कुठेच नाही. मत्तयाच्या कानात 'नेसेर' घुमत असावा, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. 1962 मध्ये इस्राएलमधल्या कैसरियात सापडलेल्या शिलालेखात नासरेथमधला 'स'ही 'नेसेर'मधल्याच इब्री अक्षराने लिहिलेला आहे. सगळ्यांना हे पटतं असं नाही. मला पटतं, कारण "नासरेथातून काही चांगलं निघू शकतं का?" हा येशूचा शिष्य झालेल्या नथनेलाचा प्रश्न बुंध्याकडे बघून विचारल्यासारखाच आहे.

चित्रांचं मात्र मला पटत नाही. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये बाराव्या शतकातली रंगीत काच आहे. झोपलेल्या इशायाच्या अंगातून झाड वर चढतं, त्यावर राजे, मरिया आणि शेंड्यावर ख्रिस्त. अप्रतिमच, यात वाद नाही. पण घाव कुठे आहे? चित्रकारांनी भरगच्च झाड दाखवलं आणि तुटलेपण गाळलं.

तर रविवारी शक्य असेल तर पाळकांना विचारून दहाव्याच्या तेहेतिसाव्या वचनापासून सुरू कर. "लबानोन कोसळेल" म्हटल्यावर जरा थांब. मान वर करून लोकांकडे बघ, आणि मग 'इशाय' हे नाव सावकाश घे.

तुझी,
आई