दादांचे भगंदर आणि आघाडा

अमळनेर
भाद्रपद शुद्ध षष्ठी

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

दादांच्या भगंदरावर, म्हणजे गुदद्वाराशेजारच्या नळीसारख्या वाहत्या व्रणावर, गावातल्या जाणत्यांनी आघाड्याचे मूळ उगाळून लावायला सांगितले आहे आणि ते करावे की नाही, या पेचात तू आहेस. मूळ लावू नकोस. मात्र आघाड्याला मोडीतही काढू नकोस, कारण नेमक्या याच व्याधीवर त्याचा उपयोग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. फक्त तो उगाळलेल्या मुळाचा नसून क्षाराचा आहे.

आपल्याकडे कपाशीच्या बांधावर सध्या तो कंबरेएवढा वाढला आहे. त्याच्या तुऱ्यावरून बोट वरून खाली नेले तर काही जाणवत नाही, खालून वर नेले की फळांची टोके टोचतात आणि धोतराला चिकटून घरापर्यंत येतात. हे झाड मुळासकट वाळवून जाळतात, राख सहापट पाण्यात कालवून निवळू देतात, वरचे पाणी फडक्याने पुन्हापुन्हा गाळून आटवतात आणि तळाशी उरतो तो क्षार. सुती किंवा लिननच्या दोऱ्यावर आधी थोराच्या चिकाचे ११ लेप, मग चीक व क्षाराचे ७ आणि शेवटी चीक व हळदीचे ३ असे २१ लेप वाळवत चढवले की क्षारसूत्र तयार होते. ते नाडीमार्गात, म्हणजे त्या व्रणाच्या नळीत, ओवून आठवड्याला बदलतात. मार्ग हळूहळू कापलाही जातो आणि भरूनही येतो. बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी ही जुनी पद्धत नव्याने उभी केली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभराने व्याधी उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, तर शस्त्रक्रियेत ११ टक्के आढळले. मात्र जखम भरायला ४ ऐवजी सुमारे ८ आठवडे लागले. दादांना एवढी सबुरी आहे का, हे तूच जाण.

बाकी उपयोग किरकोळ. ऋषिपंचमीला काडीने दात घासतात, कोवळ्या पानांची भाजी होते. पण तणनाशक मारलेल्या बांधावरची पाने कुणी खुडू नयेत. गरोदर बाईला तर आघाडा पोटात मुळीच देऊ नये.

विंचवावर मूळ उगाळून लावण्याचा प्रघात मात्र मला घातक वाटतो. लाल विंचवाचे विष हृदयावर जाते आणि त्यावर प्राझोसिन हे औषध किती गुणकारी ठरते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिले आहे. मूळ उगाळण्यात घालवलेला अर्धा तास दवाखान्याच्या वाटेवरचा असतो.

दादांना क्षारसूत्र करणाऱ्या शल्यतंत्राच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या शस्त्रक्रियेच्या शाखेच्या, वैद्याकडेच ने. आधी एमआरआय करून मार्ग किती खोल आहे आणि त्याला फाटे आहेत का ते पाहायला सांग, आणि त्यांची साखरही तपासून घे. रिपोर्ट आले की मला कळव.

तुझा,
वसंत