हातात काय उरतं

सोलापूर, 9 फेब्रुवारी 2025

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

दुपारी फोन ठेवल्यापासून तुझं एकच वाक्य डोक्यात घोळतंय. "आई, सगळं कापून हातात काही उरतच नाही, एप्रिलपासून मिनिजॉब घेते." म्हणजे तिथली जर्मनीतली थोड्या पगाराची छोटी नोकरी. मी "बरं" म्हणाले, पण मनापासून नाही म्हणाले. तुमच्या संसारात बोलायचं नाही असं बाबांनी आणि मी ठरवलंय, म्हणून हे पत्र रेवाच्या खोकल्यापुरतंच लिहायला घेतलं होतं. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीला शेक दे. आधी स्वतःच्या गालाला लावून बघ.

पण मुग्धा, तू? तू हे करावंस?

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत, करामुळे लोक कामाचे तास कसे ठरवतात हा तुझा विषय मला समजावताना, चकलीच्या पिठाच्या परातीत तूच बोटाने पाच चौकोन काढले होतेस. आठवड्याला शून्य तास, दहा, वीस, तीस, चाळीस. प्रत्येक घराला प्रत्येक चौकोनात हातात किती पडेल ते काढायचं, लोक आज कुठे आहेत ते बघून त्यांची ओढ ओळखायची, मग कराचा नियम बदलायचा आणि कोण कुठल्या चौकोनात सरकतं ते पाहायचं. पुरुष फारसे हलत नाहीत, लग्न झालेल्या बायका हलतात, असं म्हणाली होतीस. जर्मनीत 1958 पासून नवरा-बायकोची कमाई एकत्र करून निम्मी-निम्मी धरतात, त्यामुळे कमी कमावणारीच्या पगाराला वरचा दर लागतो. त्यात पगारातून कर कापण्याचे वर्ग असतात; नवरा वर्ग तीनमध्ये आणि बायको वर्ग पाचमध्ये गेली की दोघांचीही करमुक्त रक्कम दरमहा त्याच्याकडे, आणि तिच्या पगारावर जवळजवळ पहिल्या युरोपासून कर. ठरावीक रकमेपर्यंतच्या (2025 मध्ये महिना 556 युरो) मिनिजॉबला मात्र जवळजवळ काही कापत नाहीत, आरोग्यविमाही नवऱ्याच्या नावावर चालतो. म्हणून हजारो बायका त्या आकड्याच्या अलीकडेच थांबतात, हे सांगताना तुझा आवाज चढला होता. मला किती अभिमान वाटला होता! आता तूच त्या चौकोनात जाऊन बसणार?

हे वाचून तुला राग येईल. रात्रभर जागून सकाळी ऑफिस गाठणारी तू आहेस, मी नाही. माफ कर. पण एवढं तरी ऐक. वर्षाच्या शेवटी हिशेब होतो तेव्हा दोघांचा मिळून कर तेवढाच निघतो ना? मग तुझ्या पगाराच्या चिठ्ठीवर जे कमी दिसतं त्यातलं बरंचसं मंदारच्या चिठ्ठीवर जास्त दिसतंय. ते घरातच आहे. तुझी मेहनत स्वस्त झालेली नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू दीड वर्षाची असताना मी दोन वर्षं बिनपगारी रजा घेतली, ती तुझ्या टायफॉइडमुळे, असं सांगत आले. टायफॉइड पंधरा-वीस दिवसांत उतरला होता. खरं असं की, तुझ्या आजीने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने मांडलं: पाळणाघर, एसटीचा पास, रिक्षा, आणि माझ्या पगारातून सगळं वजा. खाली उरले होते नव्वद रुपये. नव्वद रुपयांसाठी लेकराला परक्याकडे ठेवायचं का, असा प्रश्न होता. पाळणाघर माझ्याच पगारातून का वजा होतं, हे मला तेव्हा विचारायलाही सुचलं नाही. आजीचंही चुकलं नव्हतं, तिला हिशेब तसाच माहीत होता. वेतनवाढी लांबणीवर पडल्या, माझ्यामागून लागलेल्या दोघी माझ्या आधी वरच्या पदावर गेल्या. आजही एक तारखेला पेन्शन जमा झाल्याचा मेसेज आला की त्या पेन्सिलीच्या आकड्यात न धरलेले पैसे मला दिसतात.

तुझ्या परातीतल्या चौकोनांतही फक्त या वर्षाचाच हिशेब होता. ज्यांवर म्हातारपणची पेन्शन ठरते ते रेवाच्या पहिल्या तीन वर्षांचे गुण तिथलं सरकार भरतं म्हणालीस. आणि चौथ्या वर्षापासून? आणखी एक मला तेव्हाही खटकलं होतं. नोकरीबाहेरच्या सगळ्या वेळाला तुमच्या शास्त्रात विश्रांती म्हणतात. रेवाच्या उशाशी बसून काढलेली रात्र कुठली विश्रांती?

समोरच्या वाड्यातली सून पॅकिंगच्या कामाला जाते. 2023 पासून महाराष्ट्रात बायकांना महिना 25,000 पर्यंत व्यवसाय कर माफ झाला. तिचा पगार 24,900 चा 25,050 झाला, दोनशे कापले गेले, हातात पन्नास कमी आले. रडवेली होऊन माझ्याकडे आली. मी तिला म्हटलं, पुढच्या वाढीला हे भरून निघेल, वाढ नाकारू नकोस. तिला सांगताना मला सोपं गेलं, तुला सांगताना हात थरथरतोय.

त्या दोनशे रुपयांवर माझा राग नाही, हेही लिहिते. 1972 च्या दुष्काळात माझी आई पाझर तलावाच्या कामावर पाट्या वाहायची, आम्ही भावंडं सुकडी खायचो. पुढे रोजगार हमीचा बराचसा पैसा याच व्यवसाय करातून उभा राहिला. पगारबिलावर त्या रकान्यात आकडा भरताना मला दर महिन्याला तिच्या डोक्यावरची चुंबळ आठवायची. कर कुणाच्या तरी मजुरीपर्यंत पोचतो, हे तुला मी घरातच दाखवलं होतं, म्हणूनच तू या विषयाकडे वळलीस असं मी मनात धरून बसले आहे. परवाच्या बजेटात नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंत कर नाही झाला, बाबा दिवसभर टीव्हीसमोर होते. इथे निदान नवरा-बायकोचा कर वेगवेगळा लागतो.

कमी तास कर, थकली असशील तर सहा महिने घरीही राहा. मला चालेल. फक्त "हातात उरत नाही" या कारणासाठी सोडू नकोस. दोघांनाही वर्ग चार, म्हणजे ज्याची करमुक्त रक्कम त्याच्याकडेच, घेता येतो आणि तो अर्ज एकाच्या सहीनेही होतो म्हणाली होतीस. तरी मंदारबरोबर बसून दोघांनी सही करा. आणि पाळणाघराचे पैसे दोघांच्या पगारांतून वजा करून एकदा कागदावर मांडा. मला दाखवायची गरज नाही.

शेंगाचटणी आणि मेतकूट उद्या पोस्टात टाकते. रेवाचा खोकला कसा आहे ते सकाळी कळव.

तुझी,
आई