ईसीजी काढलास का?

कोल्हापूर,
रविवार, रात्री

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

'करतो की बाबा, बघतो' म्हणून फोन ठेवलास. इतकी वर्षं बंगळूरला काढूनही 'करतो'च म्हणतेस, बरं वाटतं. पण केलंस का? भांडायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

तुझं मोबाइलवरच्या त्या एआय मशीनबरोबरचं बोलणं सागरनं मला दाखवलं. त्याच्यावर चिडू नकोस, तूच त्याला पाठवलं होतंस. छातीत आवळल्यासारखं होतंय, डावा खांदा जड, जिना चढताना दम. वेळ रात्री दोनची. उत्तर चांगलंच आहे, खोटं कशाला बोलू? बायकांना छातीत जोराची कळ येईलच असं नाही, कधी जबडा दुखतो, कधी पाठ, कधी नुसता दम लागतो, हे मला या वयात त्यातनं कळलं. खाली लिहिलंय, ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. तू 'पित्त असेल, थँक यू' लिहिलंस आणि झोपलीस.

मशीन सांगून मोकळं झालं. आणि मी दोन वाजता जागाच असतो, हे तुला ठाऊक आहे. फाउंड्रीतल्या भट्टीची सवय अजून सुटलेली नाही.

कॉलेजात असताना तूच सांगितलं होतंस. १९६६ साली अमेरिकेत, एमआयटीतल्या वायझेनबाउम नावाच्या प्राध्यापकानं 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम केला. समोरच्याचंच वाक्य फिरवून त्याला प्रश्न विचारायचा, बास. त्याच्या सेक्रेटरीनं तो तयार होताना कित्येक महिने बघितला होता. तरी चार वाक्यं बोलून झाल्यावर ती साहेबांनाच म्हणाली, जरा बाहेर जाता का? आपण दोघं किती हसलो होतो. आता ती बाई मला कळते. मशीनपुढं संकोच वाटत नाही, कारण आपलं ऐकून त्याच्या जिवाला घोर लागत नाही. तुझं आताचं मशीन एलायझाच्या कैक पट पुढं गेलंय, ढिगानं मजकूर शिकून पुढचा शब्द कुठला ते ठरवत बोलतं, हे सगळं मान्य. घोर त्यालाही लागत नसणार.

मी काही मशीनचा वैरी नाही. उद्यमनगरात वाळूतली ओल मोजायचा मीटर आला तेव्हा वाळूचे साचे करणारे जुने मोल्डर कुरकुरले, मी नाही. वाळू मुठीत दाबायची, गोळा मोडायचा, कडा ढासळतात का बघायच्या, ही आमची रीत. मीटर त्याहून बरोबर सांगायचा. पण ओल जास्त राहून वाफ अडकली, कास्टिंगला भोकं पडली, की त्या रात्री जेवण मला जायचं नाही. मीटरचं काय जायचं? माणूस आणि मशीन यांत फरक काय, यावर तुम्ही पोरं तासन्‌तास वाद घालता. मला एवढाच दिसतो. चुकलं तर त्याचं काही जात नाही, आणि बरोबर आलं तरी पदरात काही पडत नाही.

झालं माझं लेक्चर सुरू. माफ कर. ईसीजी पाच मिनिटांचं काम आहे गं. नॉर्मल आला म्हणून लगेच उठून येऊ नकोस, इको किंवा रक्त तपासायला सांगितलं तर तेही करून घे.

२०१९ चा पूर आठवतोय? हायवे शिरोलीला बंद, तुला यायला रस्ता नाही. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी आमच्याआधी तुझ्या मोबाइलवर यायची. ४३ फुटांना धोका, आणि पाणी ५५ च्या वर. तरी दर अर्ध्या तासाला तुझा फोन, 'बाबा, पाणी कुठवर आलंय?' मी म्हणायचो, पाटलांच्या पायरीला लागलंय. 'कितव्या?' आई वैतागायची, हिला दुसरं काम नाही का! आणि तुझा फोन लांबला की तीच दहादा मोबाइल उचलून बघायची.

आबापण पित्तच म्हणाले होते. सोडा प्याले आणि गुऱ्हाळावर गेले. तू लहान होतीस, तुला त्यांची कानटोपी तेवढी आठवते. पुढचं लिहीत नाही.

काकी गल्लीभर सांगत फिरते, 'आमची मनू मशीनला बोलायला शिकवते.' मी तिला दुरुस्त करत नाही. परवा तालमीपुढं दोघांना मीही तेच सांगितलं.

सागरनं गुरुवारच्या रात्रीच्या गाडीचं माझं तिकीट काढलंय. मी येऊ नये असं वाटत असेल तर त्याआधी डॉक्टरांना दाखवून ये, आणि कागद सागरला पाठव, मशीनला नंतर.

आईला मी यातलं काही बोललेलो नाही. ते तूच सांगायचंस. दुपारी तीननंतर फोन कर, तेव्हा ती एकटी असते.

तुझे,
बाबा