वाढ खायची, मुद्दल नाही

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलंस, "आई, दिवसभर करतेस तरी काय?" दूध उतू जात होतं म्हणून मी "मजेत आहे रे" एवढ्यावर वेळ मारून नेली. पण तुझ्या आवाजातली काळजी कळली. मी ५४व्या वर्षी बँक सोडली तेव्हा सगळ्यांत जास्त धास्तावला होतास तो तूच. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिले तीन महिने वाईट गेले, खोटं कशाला सांगू. साडेनऊ वाजले की पाय आपोआप चपलांकडे वळायचे. कपाटं तीनदा आवरून झाली. निव्वळ घराबाहेर पडायचं म्हणून ब्राह्मी या प्राचीन लिपीच्या वर्गात नाव घातलं. लिपी वाटते तेवढी अवघड नाही. क म्हणजे बेरजेचं चिन्ह, ग म्हणजे घराचं छप्पर. सराव म्हणून मी किराण्याची यादी ब्राह्मीत लिहायला लागले. त्यातली एक चुकून बाबांच्या खिशात गेली आणि ते दुकानातून फक्त काडेपेटी घेऊन परत आले.

मग मैत्रिणीला घेऊन नाशिकला गेले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे हा छंद तसा स्वस्तात पडतो. तिथल्या पांडवलेण्यांत, त्या डोंगरात कोरलेल्या बौद्ध लेण्यांत, तू आठवीत असताना आलो होतो, आठवतं? तेव्हा माकडं बघून खाली उतरलो होतो. या वेळी मी दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात दोन तास मान वर करून उभी होते. तिथे उषवदाताचे लेख आहेत. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई, म्हणजे गोष्ट सुमारे १,९०० वर्षांपूर्वीची. पहिला शब्द लागला, 'सिधं', म्हणजे लेखाच्या सुरुवातीचा शुभशब्द. तेव्हा इतका आनंद झाला की रखवालदार बघायला आला.

आता खरी गंमत ऐक. तो लेख म्हणजे चक्क मुदत ठेवीची पावती आहे. उषवदाताने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण ठेव म्हणून दिले. कार्षापण म्हणजे तेव्हाची चांदीची नाणी. ठेवले कुठे, तर गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसायसंघांकडे. २,००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने, आणि १,००० दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवले नाहीत बघ. असे शहाणे ठेवीदार ३० वर्षांत माझ्या काउंटरवर फार थोडे आले.

पुढे लिहिलंय की वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत. मी तिकिटाच्या मागे हिशेब मांडला. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० गुणिले १२? २४०! एका नाण्याचाही फरक नाही. ताळेबंद जुळल्यावर संध्याकाळी बँकेत जसा सुस्कारा सुटायचा, तसाच तिथे सुटला. वर हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, जाहीर करून फलकावर नोंदवलाय. म्हणजे आपली नोंदणी.

त्यात एक शब्द आहे, 'वढिभोजा'. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त वाढ भोगायची. वढि म्हणजे आपल्या वाढीदिढीतली वाढ. माझी आजी धान्य वाढीने द्यायची तेव्हा हाच शब्द वापरायची. त्याच लेखात नारळाची झाडं दिल्याचाही उल्लेख आहे, चिखलपद्र गावातली. चिखल! मला तर माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

बाबा नाणेघाटाला आले होते, कुरकुरत आणि थर्मास सांभाळत. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल याच वाटेने जुन्नरकडे चढायचा. माथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे, त्यात व्यापारी जकातीची नाणी टाकत असं सगळे सांगतात. माझ्यातल्या कॅशियरला हे काही पटत नाही. उघड्यावरचा रांजण, पावती नाही, संध्याकाळी मोजणी कोण करणार? पण गुहेतला सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख बघताना मी गप्प झाले. तिने यज्ञांत दिलेल्या गायींचे, घोड्यांचे, नाण्यांचे आकडे दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेत. मधला काही भाग झिजून गेलाय. परतताना शेवाळावरून घसरून गुडघा सोलवटला. चूक माझीच, चप्पल घालून गेले होते. आता बरा आहे, बाबांनी सांगायच्या आधी मीच सांगून टाकते.

पैशाचं विचारलं होतंस ना? पेन्शन येते, ठेवींचं व्याज येतं, आणि मी मुद्दलाला हात लावत नाही. उषवदाताच्या भिक्षूंसारखं चाललंय म्हण.

पुढच्या गुरुवारी धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाला निघतेय. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव तगर आहे आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट सांगितलीय. तिथलं सुती कापड भडोचमार्गे परदेशी जायचं. तिथे फोन लागला नाही तर लगेच बाबांच्या मागे लागू नकोस. बूट घेतलेत.

सूनबाईंना आशीर्वाद. थंडीत येशील तेव्हा चार दिवस मोकळे ठेव, जुन्नरला नेते. आणि येताना ते मोठं भिंग आण, छोट्या टॉर्चचं.

तुझी,
आई